उद्योजकतेसाठी कोणतं विद्यापीठ? क्रमवारीच्या याद्यांपलीकडे नेमकं काय बघायचं?

कोल्हापूरची_आई:

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचते, धागा मात्र पहिल्यांदाच काढतेय.

मुलगी यंदा बारावी झाली. जेईई अ‍ॅडव्हान्स्डची रँक बघता पवई किंवा मद्रास आयआयटीत मेटलर्जी (धातुशास्त्र) मिळू शकेल. सीईटीवर पुण्याच्या सीओईपीत नंबर लागेल असं वाटतंय. सांगलीचं वालचंद तर घरापासून तास-सव्वातासावर. शिवाय तिचा अमेरिकेतला मामा म्हणतोय, पदवीलाच इकडे पाठव. जोसाचे, म्हणजे आयआयटी प्रवेशाचे, पर्याय भरायला आठवडा राहिलाय.

तिचे बाबा शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यांत ओतून भाग (कास्टिंग) बनवणाऱ्या कारखान्यात, क्वालिटीला आहेत. रात्रीच्या जेवणाला आमच्याकडे वर्षानुवर्षं एकच विषय असतो, आज वाळू ओली होती आणि इतकी कास्टिंग रिजेक्ट गेली. साच्याच्या वाळूत पाणी साधारण तीन-चार टक्के लागतं. जास्त झालं की लोखंड ओतताना वाफ धरते आणि कास्टिंगमध्ये पोकळ्या पडतात. कमी पडलं की साचा ढासळतो. चाचणीचा आकडा हाती येईपर्यंत कितीतरी साचे भरून झालेले असतात, म्हणून जुने मोल्डर अजूनही वाळू मुठीत दाबून बघतात आणि बोटांचे ठसे कसे उठतात त्यावर ठरवतात. अकरावीच्या सुट्टीत हिनं कुंडीतल्या मातीचा ओलावा मोजायचा स्वस्तातला सेन्सर आणून तो वाळूत खुपसला. तेव्हापासून आमच्या गॅलरीत वाळूचे अकरा डबे आहेत, प्रत्येकावर खडूनं टक्का लिहिलेला. वाळूतलं बेंटोनाइट, म्हणजे वाळू धरून ठेवणारी चिकण माती, बदललं की तिचं यंत्र चुकीचा आकडा दाखवतं. तिथे गाडी अडलीय.

यातूनच पुढे स्वतःचं काही उभं करायचं असं तिच्या मनात पक्कं आहे. मामानं ‘उद्योजकतेत अव्वल विद्यापीठं’ अशा तीन याद्या पाठवल्या, तिन्हींत क्रम वेगळा. ही तुलना करायची तरी कशी? अनुभवी लोकांनी कृपया सांगावं.

पवई_२००९:

ताई, आधी मुलीचं मनापासून कौतुक. अकरा डबे आणि खडूचे आकडे वाचून फार आनंद झाला.

याद्यांबद्दल सांगतो. पिचबुक या गुंतवणुकीची माहिती गोळा करणाऱ्या कंपनीची यादी सगळ्यात जास्त फिरते. ती काय मोजते, तर कुठल्या विद्यापीठाच्या किती माजी विद्यार्थ्यांनी व्हेंचर कॅपिटल, म्हणजे नव्या कंपनीत हिस्सा घेणाऱ्या गुंतवणूकदारांचा पैसा, उचललं. कर्ज काढून कारखाना उभा केला, चाळीस माणसं कामाला लावली, दरवर्षी नफा होतोय, तरी त्या यादीत तुमचं नाव येणार नाही. आपल्याकडे शिक्षण मंत्रालयाची अटल क्रमवारी होती, तिच्या २०१९, २०२० आणि २०२१ या तिन्ही फेऱ्यांत मद्रास पहिलं. मग एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीत नवोन्मेष असा वेगळा गट आला. त्यात २०२३ला कानपूर पहिलं, २०२४ला पवई. एका वर्षात कुठल्याही संस्थेची कार्यशाळा बदलत नाही आणि प्राध्यापकही बदलत नाहीत. तेव्हा पहिला की तिसरा यावर झोप घालवू नका.

आता माझ्या संस्थेबद्दल. पवईचा ई-सेल, म्हणजे विद्यार्थ्यांचं उद्योजकता मंडळ, १९९८पासून आहे आणि त्यांची ‘युरेका’ ही व्यवसाय-योजनांची स्पर्धा नावाजलेली आहे. पण ई-सेल म्हणजे बहुतांशी कार्यक्रमांचं आयोजन. पाहुणे आणायचे, प्रायोजक मिळवायचे, मंडप सांभाळायचा. त्यातून माणूस बोलायला शिकतो आणि ओळखीही होतात, त्याचं मोल आहेच. यंत्र मात्र तिथे बनत नाही. खरं काम ‘साईन’मध्ये होतं. तो इन्क्युबेटर, म्हणजे नव्या कंपन्यांना जागा आणि मदत देणारं केंद्र, २००४चा. ड्रोन बनवणारी आयडियाफोर्ज तिथूनच वाढली. पवईच्या मुलांनी २००७ला कंपनी काढली आणि २०२३ला ती शेअर बाजारात आली. मधली सोळा वर्षं लक्षात घ्या. आणि त्यांचं ‘नेत्र’ हे ड्रोन डीआरडीओच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेबरोबर विकसित झालं. म्हणजे ते वापरणार कोण, कुठे आणि कशासाठी, हे सांगणारं माणूस पहिल्यापासून समोर होतं. कॉलेज निवडताना मी हाच प्रश्न सगळ्यात वर ठेवेन, की इथे राहून माझ्या मुलीला तिचा पहिला गिऱ्हाईक भेटेल का?

सरळ_बोलतो:

मेटलर्जी घेऊन स्टार्टअप होत नाहीत. कॉम्प्युटर जिथे मिळेल तिथे घ्या, अगदी खालच्या एनआयटीत मिळालं तरी चालेल. फ्लिपकार्ट, ओला, स्विगी यांपैकी कुणी वाळू मोजत बसलं होतं का?

अडयार_ते_अंधेरी:

@सरळ_बोलतो, साफ असहमत. अ‍ॅपच्या कंपन्या डोळ्यांसमोर असतात म्हणून तेवढ्याच आठवतात.

मी मद्रासला पीएचडी केली. तिथल्या ‘सेंटर फॉर इनोव्हेशन’बद्दल सांगते, कारण ते वाचून या मुलीचे डोळे चमकतील. विद्यार्थ्यांनीच चालवलेली ही प्रयोगशाळा २००८पासून आहे आणि चोवीस तास उघडी असते. थीसिस लिहिताना झोप आली की मी तिथे चहाचा कप घेऊन जाऊन बसायचे. एकदा रात्री दोनच्या सुमाराला दुसऱ्या वर्षाची एक मुलगी जमिनीवर मांडी घालून बसली होती, समोर जळलेला मोटर कंट्रोलर. शेजारी चौथ्या वर्षाचा एक सीनियर. तो उत्तर सांगत नव्हता, फक्त विचारत होता, “आधी कुठला भाग तापला? हात लावून बघितलास?” तासाभरानं तिला कारण सापडलं. कुणाला परवानगी मागायला लागली नाही, मेमोवर सही लागली नाही. शिकवणीत न मिळणारं शिक्षण हे, आणि ते कुठल्याच क्रमवारीत मोजलं जात नाही.

दुसरी गोष्ट रिसर्च पार्कची. कॅम्पसला लागूनच, तरमणीला, २०१० पासून. प्राध्यापक अशोक झुनझुनवालांनी त्यासाठी जीव ओतला. तिथे कंपनीला नुसतं भाडं भरून भागत नाही. संस्थेबरोबर प्रकल्प करा, मुलांना काम द्या, प्राध्यापकांना सल्लागार घ्या, आणि या सगळ्याचे क्रेडिट जमवा, अशी अटच आहे. त्यामुळे उद्योगातली माणसं आणि विद्यार्थी एकमेकांना रोज दिसतात. विजेवरच्या एथर स्कूटरवाले दोघेही मद्रासचे. २०१३ला सुरुवात, पहिली स्कूटर रस्त्यावर आली २०१८ला. पाच वर्षं विक्री शून्य आणि तरी काम चालू, हे पाठीशी कुणीतरी ठाम उभं असल्याशिवाय होत नाही. अग्निकुलचं रॉकेट ३० मे २०२४ला श्रीहरिकोट्याहून उडालं, त्यांचा पायाही आयआयटीतल्या ज्वलनाच्या प्रयोगशाळेतला आणि तिथल्या प्राध्यापकांच्या साथीचा.

धातू, उष्णता, यंत्र या वाटेनं जायचं असेल तर माझं मत मद्रास. भाषेची काळजी करू नका, सहा महिन्यांत सांबार आवडायला लागतं.

माटुंगा_१९:

मुलीचा विषय रसायनाचा नाही, तरी आमच्या माटुंग्याच्या यूडीसीटीचं, रसायन तंत्रज्ञान शिकवणाऱ्या संस्थेचं, नाव या धाग्यात यायलाच हवं. आताची आयसीटी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झाली. स्टार्टअप हा शब्द इथे कुणी ऐकलाही नव्हता तेव्हा तिथली मुलं कारखाने काढत होती. केकी घरडा तिथेच शिकले, तिथेच शिकवलं आणि मग स्वतःची कंपनी काढली. गव्हातलं तण मारणारं आयसोप्रोट्युरॉन त्यांनी स्वतःच्या पद्धतीनं बनवून स्वस्त केलं. लोट्याला त्यांचा केवढा कारखाना आहे ते चिपळूणकडे जाणाऱ्यांनी पाहिलंच असेल. डॉ. रेड्डीजचे अंजी रेड्डी आधी यूडीसीटीचे आणि मग पीएचडीला पुण्याच्या एनसीएलचे, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे. एशियन पेंट्सचे अश्विन दाणी, अंबुजा सिमेंटचे नरोत्तम सेखसरिया, मुकेश अंबानी, सगळे माटुंग्याचे.

हे कसं घडलं? इमारत साधी, बीन बॅग नाही, गुंतवणूकदारांसमोर कल्पना मांडायचा पिच डे नाही. पण सरांकडे आठवड्यातून दोनदा तरी कुणी ना कुणी कारखानदार आपली अडचण घेऊन यायचा. रिअ‍ॅक्टरमध्ये गाळ बसतोय, रंगाची छटा जुळत नाही, उतारा कमी येतोय. आम्ही मुलं मागच्या बाकावर बसून ते ऐकायचो. तिसऱ्या वर्षापर्यंत कळून चुकायचं की कारखान्यात पैसा कुठे गळतो. कोल्हापूरच्या मुलीला ते जेवणाच्या ताटावर कळलंय. हे भांडवल मोठं आहे.

बे_एरिया_मावशी:

मामांच्या बाजूनं थोडं आणि विरुद्ध थोडं.

स्टॅनफर्ड मोठं आहे याबद्दल वादच नाही. फ्रेडरिक टर्मन नावाच्या प्राध्यापकानं आपल्या विद्यार्थ्यांना, ह्युलेट आणि पॅकार्डना, इथेच पालो आल्टोत कंपनी काढायला लावली, ते साल १९३९. पुढे १९५१ला विद्यापीठानं स्वतःच्या जमिनीवर उद्योगांसाठी वसाहत केली. गूगलच्या शोधपद्धतीचं पेटंट विद्यापीठाच्या नावावर होतं. त्याच्या बदल्यात स्टॅनफर्डला १८ लाख शेअर मिळाले आणि ते विकून ३३.६ कोटी डॉलर आले. एमआयटीची परंपराही तशीच खोल, आणि आपला धागा तिथे फार जुना आहे. शंतनुराव किर्लोस्कर १९२६ला एमआयटीतून इंजिनिअर होऊन किर्लोस्करवाडीला परत आले. आपल्या शेजारच्या हुबळीचे गुरुराज देशपांडे यांनी तर २००२ला एमआयटीतच संशोधन बाजारात नेणारं केंद्र देणगीतून उभं केलं.

आता एक आकडा. एमआयटीच्या २०१५च्या अहवालात माजी विद्यार्थ्यांच्या चालू कंपन्या ३०,२००, त्यात ४६ लाख माणसं कामाला. स्टॅनफर्डचा आकडा ३९,९०० कंपन्या. वाचून छाती दडपते. पण हे दोन्ही आकडे माजी विद्यार्थ्यांच्या पाहणीवरून अंदाज बांधून काढलेले आहेत, आणि त्यात पन्नाशीत कंपनी काढलेलेही आले. अमेरिकेत सगळ्यात झपाट्यानं वाढलेल्या कंपन्यांच्या संस्थापकांचं सरासरी वय ४५ निघालंय. विसाव्या वर्षीच काही करून दाखवायला हवं असलं ओझं मुलीवर टाकू नका.

आणि मामांनी कदाचित सांगितलं नसेल ते सांगते. इथे परदेशी विद्यार्थ्याची गाठ व्हिसाशी असते. पदवीनंतर पहिले १२ महिने ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतर काम करायच्या तात्पुरत्या परवानगीवर, स्वतःच्या विषयातला स्वतःचा व्यवसाय करता येतो. पुढची २४ महिन्यांची मुदतवाढ घ्यायची तर रीतसर मालक लागतो, आपणच आपले मालक तिथे चालत नाही. माझ्या ओळखीत तीन हुशार मुलं कल्पना बाजूला ठेवून नोकरीला लागली, केवळ या कारणानं. वर शिक्षणाचं कर्ज. कर्जाचा हप्ता डोक्यावर असताना जोखीम घेता येत नाही, हे इथल्या अमेरिकन मुलांनाही लागू आहे.

परदेशात शिकायचंच असेल तर कॅनडातलं वॉटर्लू बघा. तिथे अभ्यास आणि पगारी काम आलटून पालटून चालतं, आणि विद्यार्थ्यानं जे शोधलं त्याची मालकी विद्यार्थ्याचीच राहते, असं विद्यापीठाचं धोरण आहे. प्रवेशाआधी हे धोरण प्रत्येक ठिकाणचं वाचाच. संस्थेची प्रयोगशाळा, संस्थेचा पैसा वापरला तर पेटंट कुणाचं, हा प्रश्न नंतर फार महागात पडतो.

फळा_आणि_खडू:

मी एका खासगी अभियांत्रिकी कॉलेजात बारा वर्षं शिकवते. नाव लिहीत नाही. मनात बरंच साठलंय.

आमच्याकडे ‘इन्क्युबेशन सेंटर’ आहे. काचेचं दार, भिंतीवर मोठा बल्ब रंगवलेला, आत लाल-पिवळ्या खुर्च्या. थ्री-डी प्रिंटर आला त्या दिवशी उद्घाटन झालं, फोटो निघाले. त्यावरचं प्लास्टिक वर्षभर निघालं नव्हतं. किल्ली प्राचार्यांच्या टेबलाच्या खणात. दोन मुली चाळीत साठवलेला कांदा सडतोय हे आधीच कळावं म्हणून एक वायू-सेन्सर बनवत होत्या, लासलगावकडच्याच होत्या दोघी. कांदाचाळीतला त्रास त्यांनी घरी बघितलेला. त्यांना प्रिंटर वापरायला अर्ज करायला लावला, अर्जावर तीन सह्या, आणि साडेपाचला सेंटर बंद. वसतिगृहात रात्री नऊच्या आत हजेरी. मुलं निदान बाहेर मित्राच्या खोलीवर काम करत बसायची, या दोघींना तेही नाही. प्रकल्प शेवटी कागदावर राहिला. मी भांडले, पण कमी पडले. आजही त्या दोघींचे चेहरे आठवले की वाईट वाटतं.

इकडे इनोव्हेशन कौन्सिलच्या अहवालात मात्र आम्ही कार्यक्रम भरभरून दाखवले. व्याख्यान झालं, फोटो लावला, गुण मिळाले.

म्हणून ताई, कॉलेज बघायला जाल तेव्हा फक्त संध्याकाळी सातनंतर जा. कार्यशाळेला कुलूप आहे का ते बघा. मुलींच्या वसतिगृहाची वेळ विचारा आणि लॅबसाठी सूट मिळते का तेही विचारा. हजेरी किती सक्तीची आहे? पिलानीच्या बिट्समध्ये हजेरीची सक्ती नाही, आणि तिथून रेडबस आणि स्विगीसारख्या कंपन्यांचे संस्थापक निघाले. मोकळा वेळ हीसुद्धा विद्यापीठानं दिलेली सोयच आहे. काही आयआयटींत स्वतःचं काम करून बघणाऱ्या मुलांना नंतर पुन्हा प्लेसमेंटला बसू देतात. ही सवलत आपल्यासारख्या पगारदार घरांसाठी लाखमोलाची आहे.

कोल्हापूरची_आई:

सगळ्यांचे किती आभार मानू. फळा_आणि_खडू ताई, तुमचा प्रतिसाद मी मुलीला मोठ्यानं वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “कांद्याच्या चाळीतही ओलावाच मोजायचा असतो.”

एक विचारायचं होतं. सीओईपीबद्दल कुणीच लिहिलं नाही. पुणे जवळ, खर्च आटोक्यात, तिथेही मेटलर्जी आहे. तिथे गेल्यानं ती मागे पडेल का?

दापोडी_दुरुस्ती:

सीओईपीचा माजी विद्यार्थी, एक कंपनी बुडवून दुसरी चालवतोय. मागे अजिबात पडणार नाही.

सीओईपीत भाऊ इन्स्टिट्यूट हा इन्क्युबेटर आहे, २०२२पासून संस्था स्वतंत्र विद्यापीठ झाली आहे. पण खरी जमेची बाजू आहे ती कॉलेजच्या फाटकाबाहेर. भोसरी, चाकण, पिंपरी. मला एखादा भाग दोन नगांत बनवून हवा असेल तर भोसरीत सकाळी ड्रॉइंग देऊन संध्याकाळी भाग हातात मिळतो. चहा पिता पिता तो मशीनवाला सांगतो, “साहेब, ही त्रिज्या वाढवा, नाहीतर इथे तडा जाईल.” हा सल्ला फुकट आणि बहुतेक वेळा बरोबर.

दुसरं म्हणजे शिकण्याचं कॉलेज आणि इन्क्युबेटर एकच असायला हवा असा नियम नाही. पुण्यात एनसीएलच्या आवारात व्हेंचर सेंटर आहे, २००७पासून. मटेरियल, रसायन, जैवतंत्रज्ञान अशा विज्ञानावर उभ्या कामांना तिथे जागा आणि उपकरणं मिळतात, तुम्ही कुठल्या कॉलेजचे हे आड येत नाही. केंद्राच्या निधी-प्रयास योजनेत नमुना बनवायला १० लाखांपर्यंत अनुदान मिळतं, तेही अशा केंद्रांमार्फतच. स्टार्टअप इंडियाच्या सीड फंडात संकल्पना सिद्ध करायला २० लाखांपर्यंत.

माझी पहिली कंपनी बुडाली ती पैशाअभावी नाही. आम्ही चौघं मित्र, चौघंही एकाच शाखेचे, चौघांनाही विकायला जायची लाज वाटायची. दीड वर्ष यंत्र सुधारत बसलो आणि एकाही कारखान्याची पायरी चढलो नाही. म्हणून मोठ्या संस्थेचा एक फायदा मान्य करतो, तिथे वेगळ्या विषयांची मुलं एकाच मेसमध्ये जेवतात. जोडीदार तिथे सापडतो. पवई, मद्रास मिळत असेल तर त्या एका कारणासाठी घ्या. नाही मिळालं तर पुण्याला या, रडत येऊ नका.

सरळ_बोलतो:

मघाशी घाईत लिहिलं. कांद्याच्या चाळीचा मुद्दा मला पटला. माझे वडील निफाडचे, दरवर्षी निम्मा माल उकिरड्यावर टाकताना मी बघितलंय. मुलीनं असलं काही केलं तर आमची चाळ तपासायला मोकळी आहे.

शिरोलीकर:

उशिरा आलो, पण माझा धंदाच हा, तेव्हा लिहिल्याशिवाय राहवेना. माझी शिरोलीत छोटी फाउंड्री आहे, वडिलांनी काढलेली. वालचंदला शिकलो. तिथल्या माझ्या वर्गातल्या सात-आठ जणांचे आज सांगली-कोल्हापूर पट्ट्यात स्वतःचे कारखाने आहेत. कुणी पॅटर्न (साचा उठवायचा नमुना) बनवतो, कुणी मशीनिंग करतो. आम्हाला कुणी संस्थापक म्हणत नाही, कुठल्या यादीत आम्ही नाही, पण अडचण आली तर एका फोनवर एकमेकांकडे धावतो. वालचंद नाकारलं तरी हे जाळं तुमच्या मुलीला बंद होत नाही.

आता वाळूचं. बेंटोनाइट बदललं की आकडा चुकतो, कारण तो सेन्सर पाण्याबरोबर मातीही ‘बघतो’. त्यात कोळशाची भुकटी आणि वापरून गरम परत आलेली वाळू, यांचाही परिणाम होणार. गॅलरीतल्या थंड डब्यांत हे कधी कळणार नाही. माझ्याकडे दोन प्रकारचं बेंटोनाइट वापरात आहे आणि वाळूच्या चाचण्यांच्या चार वर्षांच्या वह्या आहेत, रोजच्या, शिफ्टवार, सोबत त्या दिवशीचं रिजेक्शन. आजवर त्या वह्या कुणी मागितल्या नाहीत.

ऑप्शन भरताना वर पवई ठेवा, वर मद्रास ठेवा, ते तुम्ही ठरवा. पण कॉलेज सुरू व्हायला अजून दीड महिना आहे. मुलीला तिचं यंत्र घेऊन पाठवा, बाबांनाही सोबत येऊ दे. यंत्र बरोबर आकडा द्यायला लागलं तर पहिली दोन मी विकत घेईन, फुकट नको. फक्त पायात बूट आणि अंगात सुती कपडे हवेत. शनिवारी दुपारी तीनला मिक्सर सुरू होतो आणि साडेचारला ओततो.

कोल्हापूरची_आई:

शिरोलीकर दादा, ती आत्ता गॅलरीत डबे पुसतेय. विचारतेय की वह्यांचे फोटो काढले तर चालतील का.

शिरोलीकर:

फोटो कशाला, वह्याच घेऊन जा म्हणावं. फक्त या वर्षीची ठेवा, ती रोज लागते.